पाटकरी झोपला नव्हता

थोरलीचे वडील दिवसा कधी झोपत नसत. अंगात ताप असला तरी भिंतीला पाठ लावून बसत, पण डोळे टक्क उघडे. शेवटच्या दुखण्यात डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली, तर म्हणाले, "अंधार पडल्यावर द्या." गेले मात्र भर दुपारी, अडीचच्या सुमाराला. आईनं त्यांच्या पापण्या मिटवल्या तेव्हा थोरलीच्या मनात आलं, एकतीस वर्षांत हा माणूस आज पहिल्यांदा दिवसाउजेडी डोळे मिटून पडलाय.

दारात माणसं जमली होती. थोरली पाणी घ्यायला बाहेर आली, तेव्हा ओट्यापाशी उभा असलेला चक्कीवाला शेजारच्याला हळूच म्हणत होता, "झोप्या शेवटी झोपला म्हणायचा." शेजारच्यानं हसू दाबलं. थोरलीनं ते बोलणं ऐकलं आणि दाबलेलं हसूही पाहिलं. तिनं पाण्याची घागर उचलली आणि आत गेली. पण त्या क्षणापासून तिनं डूख धरला.

झोप्या हे काही त्यांचं नाव नव्हतं. ते कालव्यावरचे पाटकरी. पाण्यावर नजर ठेवायची, दारं उघडायची-लावायची, शेताशेताला पाळीनं पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. अकरा किलोमीटरचा पट्टा त्यांच्याकडे होता. उजाडायच्या आत सायकल काढायचे. भरावात खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजवायची, मोरीत अडकलेला पाला, फांद्या, कधी एखादी मेलेली शेळी ओढून काढायची, जागोजागी रोवलेल्या पट्टीवर पाण्याची उंची बघून वहीत लिहायची. काठानं चालता चालता मध्येच थांबत आणि कान देत. "पाणी सरळ चाललं असलं की बोलत नाही," म्हणत. "कुरकुर ऐकू आली की समजायचं, कुठंतरी वाट शोधतंय." कामावरून आले की स्वतःच्या तुकड्यात राबायचे. तिथून उठले की कुणाचं निखळलेलं दार, कुणाची गळकी बादली. हात रिकामे ठेवणं त्यांना जमतच नसे. नातीला आकडे शाळेनं शिकवले नाहीत, या आजोबांनीच सायकलच्या दांडीवर बसवून कालव्याच्या पट्टीवर शिकवले. त्यामुळं ती पोरगी बरेच दिवस एक ते दहा मोजताना बोट खालून वर न्यायची.

थोरली बारा वर्षांची असताना कालवा फुटला.

त्या वर्षी पाणीचोरी फार होत होती, म्हणून कालव्याच्या साहेबांनी सांडव्याच्या दाराला कुलूप घालून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली होती. पाणी वाजवीपेक्षा चढलं तर ते ओढ्यात सोडून द्यायचं, त्यासाठी हा सांडवा. एका दुपारी वरून पाणी बेताबाहेर आलं. पाटकऱ्यांनी पट्टी पाहिली, भरावाला कान लावला आणि सायकल दामटत तीन किलोमीटरवरचं विश्रामगृह गाठलं. साहेब तिथं उतरले होते. दारावरचा शिपाई म्हणाला, "साहेब जेवून झोपलेत. उठवायचं नाही म्हणून सांगितलंय."

"मग किल्ली तरी दे."

"किल्ली साहेबांच्या खिशात, आणि खिसा साहेबांच्या अंगावर."

पाटकरी टोपी हातात घेऊन पायरीशी उभे राहिले. दीड तास. चारच्या सुमाराला साहेबांना जाग आली आणि त्याच सुमाराला भराव गेला. सहा शेतांची माती खरवडून निघाली, एक गोठा गुरांसकट वाहून गेला. माणूस कुणी दगावलं नाही, एवढंच.

चौकशी लागली. साहेबांनी जबाब दिला की पाटकरी कामाच्या वेळेत झाडाखाली झोपला होता, त्यामुळं खबर आली नाही. शिपायानं मान डोलावली. पाटकऱ्यांना दोन वर्षं घरी बसवलं. त्या दोन वर्षांत ते लोकांच्या विहिरींतला गाळ उपसत होते, दगड फोडत होते, पडेल ते करत होते. मग खात्यानं त्यांना परत त्याच पट्ट्यावर घेतलं, कारण तो पट्टा दुसऱ्या कुणाला उमगत नव्हता. पण तोवर चक्कीवाल्यानं नाव पाडलं होतं. सगळ्यांत आधी त्याचंच शेत गेलं होतं. नाव असं चिकटलं की निघता निघेना. थोरली शाळेत झोप्याची पोर झाली, आई दळणाच्या रांगेत झोप्याची बायको. धाकटी लग्न होऊन लांब गेली आणि सुटली. थोरली मात्र नवरा वारल्यावर कडेवरची मुलगी घेऊन माहेरी परतली, आणि पुढं त्या मुलीलाही शाळेत तेच ऐकावं लागलं. झोप्याची नात.

वडिलांनी पहिलं वर्षभर खरं काय ते सांगून पाहिलं. मग सांगणं सोडून दिलं. दिवसा डोळे मिटणं तर त्यांनी चौकशी लागली तेव्हापासूनच बंद केलं होतं. कुणी बघायला येणार नव्हतं, तरीसुद्धा.

थोरली शहरात आजारी म्हाताऱ्यांची देखभाल करायची. सकाळच्या बसनं जायची, संध्याकाळच्या बसनं परत. वडील जाऊन आठ महिने झाले असतील, ओळखीची एक नर्स म्हणाली, "कालव्याच्या खात्यातले मोठे साहेब होते बघ, त्यांच्याकडे दिवसभरासाठी बाई हवी आहे. सूनबाई नोकरी करतात. भरवशाचं माणूस पाहिजे म्हणाल्या." आणि तिनं आडनाव सांगितलं.

थोरली म्हणाली, "उद्यापासून जाते."

जाऊन काय करायचं, हे तिनं ठरवलेलं नव्हतं. उशीनं तोंड दाबावं असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं, आणि ही गोष्ट तिनं पुढं आईपासून लपवली नाही.

साहेब तिसऱ्या मजल्यावर राहत. खिडकीशी लांब पाठीची खुर्ची, शेजारी स्टुलावर सकाळ, दुपार, संध्याकाळ असे कप्पे पाडलेला गोळ्यांचा डबा, भिंतीवर धरणाच्या उद्घाटनाचा फोटो. त्यात साहेब कोपऱ्यात उभे, पण छाती पुढं. आता ऐंशीचे झाले होते. अंग वाळलेलं, दाढी रोज केलेली, बोलणं मऊ. "बाई, जरा पाणी देतेस?" असं विचारायचे. थोरलीला राक्षस भेटला असता तर बरं वाटलं असतं.

पहिल्या दिवशी जेवण झालं. साहेब खुर्चीत मागं रेलले, पोटावर हात ठेवले आणि बघता बघता त्यांची हनुवटी छातीवर आली. तोंड थोडं उघडं, श्वास संथ. थोरली समोर उभी राहून बघत राहिली. हीच ती झोप. या झोपेला धक्का लागू नये म्हणून माझे वडील दीड तास उन्हात उभे होते.

तिनं हातातलं स्टीलचं ताट फरशीवर सोडून दिलं.

साहेब दचकून उठले. "काय झालं?"

"ताट पडलं, साहेब. झोपला होतात का?"

त्या दिवसापासून तिनं साहेबांना दुपारी झोपू दिलं नाही. मान कलली की पडदा सरकवून ऊन तोंडावर घ्यायची. रेडिओ मोठा करायची. नाडी बघायची म्हणून हात धरायची, पाय चोळायला घ्यायची, व्हरांड्यात चाला म्हणून उठवायची. दर वेळी तोंडावर तोच प्रश्न. "झोपला होतात का, साहेब?" पहिले दहा दिवस साहेबांचे हाल झाले. डोळे लाल, मान लुळी. एकदा त्यांनी अक्षरशः हात जोडले. "बाई, पाचच मिनिटं."

"डॉक्टर नाही म्हणालेत," थोरली म्हणाली. डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. त्या संध्याकाळी बसमध्ये ती पोट भरून जेवल्यासारखी बसली होती.

तिसऱ्या आठवड्यात सूनबाईनं तिला दारातच गाठलं. थोरलीला वाटलं, आता नोकरी गेली. सूनबाईनं तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"ताई, काय जादू केलीत तुम्ही? दहा वर्षं यांना रात्रीची झोप नव्हती हो. घरभर फिरायचे, कपाटं उघडायचे, आम्हाला उठवायचे. आता दहाला पडले की थेट सहाला उठतात. डॉक्टर म्हणाले, ही दुपारची झोप मोडली ना, तेच खरं औषध झालं. भूकही लागायला लागलीय."

खरंच होतं ते. साहेबांच्या गालांवर तजेला आला होता. आधी व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाताना दम लागायचा, आता चार फेऱ्या मारत होते. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एकतीस वर्षांचा राग घेऊन ती या घरात शिरली होती, आणि माणसाची तब्येत सुधारून बसली होती.

घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. आई ऐकत राहिली आणि मग तोंडावर हात ठेवून हसायला लागली. नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. डोळे पुसत म्हणाली, "सोड ते काम. तुला नाही जमायचं."

"नाही सोडणार," थोरली म्हणाली.

तिनं दुसरी वाट धरली. व्हरांड्यात फेऱ्या मारताना ती साहेबांना एका पाटकऱ्याच्या गोष्टी सांगू लागली. कोण, कुणाचा, ते सांगितलं नाही. खेकड्यांची भोकं तो कसा शोधायचा, पाणी त्याच्याशी कसं बोलायचं, थंडीत छातीभर पाण्यात उतरून मोरी कशी मोकळी करायचा. साहेब खूष व्हायचे. कालव्याचं नाव काढलं की त्यांची पाठ ताठ व्हायची. एक दिवस त्यांनी विचारलं, "कुठला पट्टा हा?"

तिनं पट्टा सांगितला.

"हां, तो अवघड. माती भुसभुशीत तिथली."

"तिथं कालवा फुटला होता ना, साहेब?"

"फुटला होता, फुटला होता." साहेब दोन पावलं चालले. "पाटकरी झोपला होता कामावर."

"नाव काय त्याचं?"

"छे गं. असे शंभर पाटकरी आले आणि गेले."

साहेब नाकारतील, चिडतील, गप्प बसतील, या सगळ्याची तयारी थोरलीनं करून ठेवली होती. ते विसरले असतील हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिनं त्यांचा दंड इतका घट्ट धरला की साहेब म्हणाले, "सावकाश, मी पडत नाही."

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी साहेबांकडे पत्त्यांचा डाव बसायचा. खात्यातलेच तीन निवृत्त सोबती यायचे. त्यातले दोघे साहेबांच्याच बरोबरीचे अधिकारी, तिसरे कचेरीतले मोठे कारकून, सगळ्यांत तरुण म्हणजे बहात्तरीचे. त्या शनिवारी साहेबांचा तजेला बघून सगळे चकित झाले.

"या बाईची करामत," साहेब म्हणाले. "दुपारी डोळा मिटू देत नाही."

"तुझी दुपारची झोप मोडली?" एक सोबती पत्ते पिसता पिसता म्हणाला. "अरे, त्याच झोपेपायी कालवा फुटला होता."

हशा पिकला. साहेब सगळ्यांत मोठ्यानं हसले. "काय जेवण झालं होतं त्या दिवशी. शिपायाला म्हटलं, आभाळ कोसळलं तरी उठवू नकोस. आणि गड्यानं नाही उठवलं, आणि नेमकं कोसळलं."

परत हशा. थोरली चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. साहेब विसरले नव्हते तर. आपण झोपलो होतो हे त्यांच्या ध्यानात होतं, आणि पाटकरी झोपला होता हेही. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात शेजारीशेजारी राहत होत्या आणि एकमेकींना ओळख देत नव्हत्या.

तिनं ट्रे टेबलावर ठेवला. पत्ते बाजूला सारून, मधोमध.

"साहेब, मागच्या आठवड्यात तुम्ही म्हणालात, पाटकरी झोपला होता."

साहेबांनी वर पाहिलं.

"मग त्या दिवशी झोपलं कोण होतं?"

हसले नव्हते ते एकटे मोठे कारकून. त्यांनी हातातले पत्ते पालथे टाकले. "साहेब झोपले होते," ते म्हणाले. "पाटकरी विश्रामगृहाच्या पायरीशी उभा होता. जबाब माझ्या हातचा आहे. सांगितला तसा लिहिला." मग त्यांनी थोरलीकडे नीट निरखून पाहिलं. "तू त्यांची कोण?"

"मुलगी. थोरली."

साहेबांचा हात गोळ्यांच्या डब्याकडे गेला आणि तसाच परत आला. "बस, बाई. खाली बस."

"मला बसायचं नाही."

"अगं, त्याला परत कामावर घेतलं होतं की. निवृत्त होईपर्यंत होता. त्याचं नुकसान असं काय झालं?"

थोरलीनं सांगितलं. आवाज चढवला नाही, पाढे म्हणावेत तसं सांगितलं. दोन वर्षं उपसलेला गाळ सांगितला. शाळा सांगितली, दळणाची रांग सांगितली. सदतीस वर्षं ज्या गावाला पाणी पाजलं, त्या गावानं मेल्यावर दारात उभं राहून काय म्हटलं ते सांगितलं. "तुमच्या शेजारी बसून मी तुम्हाला महिनाभर जागं ठेवलं," ती म्हणाली. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही."

एक सोबती खाकरला. दुसऱ्यानं चष्मा काढून पुसला.

"लिहून द्या," थोरली म्हणाली. "कोण झोपलं होतं ते."

"आता या वयात? माझं नाव जाईल गं."

"त्यांचं गेलं तसंच."

"उद्या बघू."

"उद्या मी येत नाही. आज लिहून दिलंत तर येते."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. रोज सकाळी पावणेनऊपासून ते सुनेला विचारायला लागायचे, बाई निघाली असेल ना, बस वेळेवर असेल ना. सूनबाईनं ते कौतुकानं सांगितलं होतं. थोरलीनं ते ध्यानात ठेवलं होतं.

"कागद आण," साहेब म्हणाले.

साहेब लिहू लागले, अक्षर वाकडं येत होतं. दोन ओळींवर ते अडले, तेव्हा कारकून म्हणाले, "मी सांगतो, तुम्ही लिहा. तेव्हा उलटं झालं होतं." आणि ते सांगत गेले. तारीख, वेळ, विश्रामगृह, किल्ली कुणाच्या खिशात होती, पाटकरी किती वाजता आला, किती वेळ उभा राहिला. शेवटची ओळ थोरलीनं स्वतः सांगितली. पाटकरी झोपला नव्हता. साहेबांनी सही केली, खाली तिघांनी साक्षीदार म्हणून केल्या.

थोरलीनं कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. कपबशा विसळल्या. संध्याकाळच्या कप्प्यात गोळ्या टाकल्या, त्या मोजून टाकल्या, चुकवल्या नाहीत. ती निघाली तेव्हा साहेबांनी विचारलं, "उद्या येतेस ना?"

"येते."

ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. सूनबाईचे फोन येत राहिले. चौथ्या दिवशी तिनं उचलला.

"ताई, काय चुकलं का आमचं? ते परत दुपारी झोपायला लागलेत आणि रात्रभर घरात फिरतात. सारखं तुम्हाला विचारतात."

"झोपू द्या त्यांना," थोरली म्हणाली आणि फोन ठेवला.

आईनं विचारलं, "वाईट नाही वाटलं?"

"वाटलं थोडं. तेवढं मी सोसेन."

पुढच्या सोमवारी ती दळणाचा डबा घेऊन चक्कीवर गेली. रांगेत सातआठ बाया होत्या. पट्टा फडफडत होता, जातं घरघरत होतं, चक्कीवाल्याच्या भुवया पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या. थोरली रांग सोडून पुढं गेली.

"चक्की बंद करा. वाचून दाखवायचंय."

"अगं, मध्येच कशी बंद करू? दाणा अडकेल."

तिनं हात लांब करून खटका स्वतःच पाडला. जातं रेंगाळत रेंगाळत थांबलं आणि इतकी शांतता झाली की बाहेरची कोंबडी ऐकू आली. थोरलीनं कागद उघडून पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचला. एका म्हातारीनं "अरेरे" म्हटलं. बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

चक्कीवाला हात झटकत होता. पीठ उडत होतं.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

थोरलीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय ठाऊक होतं?"

"हेच. तो शिपाई माझ्या मेहुण्याचा नातलग. दुसऱ्याच वर्षी बोलला होता."

"दुसऱ्या वर्षी?"

"माझं शेत गेलं होतं, पोरी. हातभर माती गेली, खाली नुसता मुरूम राहिला. म्हणून तर हे जातं घेऊन बसलो. साहेबाला कुठं जाऊन शिव्या देणार होतो? तो काय गावात राहत होता? तुझा बाप रोज समोरून सायकलनं जायचा."

"आणि पुढं? एकतीस वर्षं?"

"पुढं तोंडात बसलं."

तो हे निर्मळपणे सांगत होता, हेच थोरलीला सहन होईना. तिची मूठ आवळली गेली. पण तिनं मारलं नाही. इतक्या बायकांसमोर मारलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर तिच्या हाताचीच चर्चा झाली असती आणि कागद बाजूला पडला असता, एवढा विचार तिला त्या रागातही सुचला. "माझं दळण नका दळू," म्हणून तिनं डबा उचलला. म्हातारीनंही आपली पिशवी उचलली. बाकीच्या बाया थांबल्या. घरी पीठ संपलं होतं, त्या तरी काय करणार.

थोरलीनं कागदाच्या प्रती काढल्या आणि एक दूध डेअरीच्या फलकावर चिकटवली. डेअरीवर गाव दिवसातून दोनदा येतं आणि किटली मोकळी होईपर्यंत समोरच्या फलकाकडे बघण्यावाचून काही काम नसतं. आठ दिवसांनी सचिवानं कागद काढला. थोरलीनं दुसरा लावला. तो कुणीतरी ओरबाडला, तिनं तिसरा लावला. चौथ्या वेळी सचिव खिडकीतून म्हणाला, "ताई, आता सगळ्यांचं वाचून झालं की. लोकांना वाईट वाटलंय. कुणी ते नाव घेत नाही आता. अजून किती दिवस लावणार?"

"एकतीस वर्षं," थोरली म्हणाली.

तो हसला. ती थट्टा करते आहे असं त्याला वाटलं. ती डिंकाची बाटली उघडत होती.

त्या दिवशी शाळेतून आल्यावर मुलीनं कागद आजीला मोठ्यानं वाचून दाखवला. आजीला वाचता येत नव्हतं, म्हणून ती तो अधूनमधून वाचून घ्यायची. मुलगी पंधरा वर्षांची, आजोबांच्या अंगाखांद्यावर वाढलेली.

"आजी, ते सांडव्याचं कुलूप केवढं होतं?"

आजीनं मूठ करून दाखवली. "एवढं."

"मग आजोबांनी ते फोडलं का नाही? काठावर एवढे दगड होते. दोन घाव घातले असते तर पाणी ओढ्यात गेलं असतं."

भाजी निवडणारे थोरलीचे हात थांबले. साहेबावर ती संतापली होती, शिपायावर, चक्कीवाल्यावर, गावावर. हा प्रश्न तिलाही पडला असणारच, आणि तिनं तो कुठंतरी खोल दडपून टाकला असणार, कारण आता तो ऐकताच तिचा चेहरा तापला.

"मी विचारलं होतं," आजी म्हणाली. "एकदाच."

"काय म्हणाले?" थोरलीनं विचारलं.

"म्हणाले, सरकारी कुलूप होतं."

"बस? एवढंच?"

"एवढंच. मग दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत."

थोरलीला वडिलांचा असा राग आला की ते समोर असते तर ती त्यांच्याशी कडकडून भांडली असती. सरकारी कुलूप म्हणे. टोपी काढून, उन्हात, दीड तास. तिनं भाजीचं ताट बाजूला सारलं, उठून दारापर्यंत गेली, आणि तिथं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून परत आली.

"मी असते तर फोडलं असतं," मुलगी म्हणाली.

"तू फोडलं असतंस," आजी म्हणाली.

थोरलीनं मुलीच्या हातातून कागद घेतला, त्याची एक कड फाटायला आली होती ती सारखी केली. "उद्या शाळेतून येताना याच्या अजून वीस प्रती काढून आण," ती म्हणाली. "आणि जाड कागदावर काढ."